खूण क्रमांक अकरा

गाडीत बसवायचे जीपीएस यंत्र मी घेतले, त्याचे घरात सांगितलेले कारण एक होते आणि खरे कारण दुसरेच होते. घरात मी सांगितले की, छायाचित्रणासाठी सापडलेल्या आडवाटेच्या जागांची नोंद ठेवायची आहे. खरे कारण असे की, अनोळखी माणसाला वाट विचारण्याची मला लाज वाटे. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे मी त्या वेळी एका महाविद्यालयात वीस वर्षांपासून भूगोल शिकवीत होते. नकाशावाचनाच्या प्रात्यक्षिकात ज्यांना उत्तर दिशा सापडत नसे, त्यांचे गुण मी निष्ठुरपणे कापले आहेत. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरून गडमुडशिंगीला सासरी जायला मी प्रथम एकटी गाडी घेऊन निघाले, तेव्हा मात्र दोनदा विमानतळाच्या फाटकाशी जाऊन पोहोचले.

माझ्या आयुष्यात सगळ्याच गोष्टी उशिरा आल्या. गाडी चालवायला मी चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकले आणि कॅमेरा हाती घेतला तेव्हा शेहेचाळिशी उलटली होती. कॅमेऱ्याचा एक मोठा फायदा मला लगेच कळला: तो चेहऱ्यासमोर धरता येतो. रविवारी पन्हाळ्याच्या पलीकडे, सड्यांच्या उघड्या कातळपठारांवर आणि वाड्यावस्त्यांच्या कच्च्या रस्त्यांवर मी फिरू लागले. सुरुवातीला माझे पती सोबत येत, पण त्यांची वाट विचारण्याची पद्धत मला सोसेना. ते गाडी थांबवीत, काच खाली करीत आणि "काय पावणं, पाऊसपाणी कसं काय?" इथून आरंभ करीत. अर्ध्या तासाने ते चहा पिऊन, समोरच्याच्या मामेभावाशी आपले नाते जुळवून परत येत. वाट विचारायची राहूनच गेलेली असे.

यंत्राची निवड मी पूर्ण अभ्यासाने केली. तीन पानांचा तुलनात्मक तक्ता तयार केला: किती खुणा साठवता येतात, अचूकता किती मीटरची, बॅटरी किती वेळ टिकते. दुकानात दोन यंत्रे होती. एक मुठीत मावणारे, रानात हातात घेऊन हिंडण्यासारखे. दुसरे मोठ्या पडद्याचे, गाडीच्या काचेला चिकटणारे आणि इंग्रजीतून बोलणारे. माझ्या तक्त्यानुसार पहिले यंत्र प्रत्येक रकान्यात सरस ठरत होते.

"म्याडम, कशासाठी पायजे?" दुकानदाराने विचारले.

"जागा... लक्षात ठेवण्यासाठी," मी म्हणाले.

"मग हे हातातलं न्या की. शेतात उभं राहायचं, बटन दाबायचं, झालं."

शेतात उभे राहायचे, आणि तेही हातात यंत्र घेऊन. बांधावरून चार माणसे आपल्याकडे पाहत आहेत, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढे आले आणि मी काचेला चिकटणाऱ्या यंत्राकडे बोट दाखवले. तक्ता पर्समध्येच राहिला. हे यंत्र गाडीतल्या विजेवर चालत होते. त्याची स्वतःची बॅटरी नाममात्र होती, त्यामुळे ते गाडीबाहेर नेण्यात काही अर्थ नव्हता. मला तो त्याचा गुणच वाटला.

घरी यजमानांनी यंत्रातल्या बाईचे बोलणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हंजे आता तुला ही वाट सांगणार. पण चुकलीस तर हिला तरी उलटं इचारशील न्हवं?"

पहिल्याच रविवारी माझे गणित चुकले. एका ओढ्याकाठी गाडी थांबवून मी खूण नोंदवत होते. पडद्यावर आकडे उमटत होते. तेवढ्यात काचेशी दोन चेहरे आले.

"मोजणी आली व्हय?"

"नाही. सहज," मी म्हणाले.

"सहज कोन मोजतंय? धरण हाय का रस्ता?"

"नाही हो. खरंच, सहज."

"सरकारी मानूस खरं सांगतंय व्हय कधी," एक जण दुसऱ्याला म्हणाला. मग माझ्याकडे वळून तो अजिजीने म्हणाला, "बाई, हिरीला तेवढं धक्का लावू नगा."

त्यांना सगळे समजावून सांगणे हाच सरळ मार्ग होता. त्यासाठी सात-आठ वाक्ये लागली असती, म्हणून मी गाडी सुरू केली. त्या दिवसापासून मी एक पद्धत पाडली. जागा आवडली की छायाचित्रे घ्यायची, गाडीत बसायचे, एकही माणूस दिसणार नाही अशा ठिकाणापर्यंत पुढे जायचे आणि तिथे बटण दाबायचे. वहीत क्रमांकापुढे मी टीप लिहीत असे: 'प्रत्यक्ष जागा मागे, अंदाजे दीड किलोमीटर.' माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते, तर मी त्याला विषय बदलण्याचा सल्ला दिला असता.

श्रावण सरता सरता मी अशाच एका वस्तीवर पोहोचले. धुके होते. एका घरापुढे पंढरपुरी जातीची म्हैस उभी होती, खांद्यापलीकडे गेलेल्या लांब शिंगांची आणि कपाळावर पांढरा टिक्का असलेली. शेजारी एक म्हातारे गृहस्थ तिची पाठ चोळत होते. मी कॅमेरा उचलला, तसे ते बाजूला सरकले.

"आजोबा, तुम्हीही थांबा ना," मी धीर करून म्हणाले.

"माझा नगं. माझा मेल्यावर लावतील की भिंतीला. हिचा काढा." मग तिची पाठ थोपटत ते म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्याला ही लेकीकडं जाणार. नातवंडांस्नी दूध व्हईल. मला आता हिचं व्हईना. तवा पाडव्याच्या आत आणून द्या. गोठा रिकामा झाल्यावर बघायला काय तरी पायजे."

मी होकार दिला. त्यांचे नाव विचारले नाही, वस्तीचेही विचारले नाही. नाव विचारले की आपलेही सांगावे लागते, मग गाव, मग चहा. धुक्यातून दोन फाटे ओलांडून, माणूस दिसेनासा झाल्यावर मी बटण दाबले. खूण क्रमांक अकरा. वहीत टीप लिहायची त्या दिवशी राहून गेली.

ते छायाचित्र माझे पहिले चांगले छायाचित्र होते. काळाभोर डोळा, कपाळावरचा टिक्का आणि चौकटीतून तिरके वर गेलेले एकच शिंग. मी ते मोठे करून चौकटीत बसवून घेतले. यजमानांनी ते बराच वेळ पाहिले.

"म्हस झ्याक हाय. दुसरं शिंग कुठं ठिवलंस?"

"ते रचनेसाठी वगळावं लागलं," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले. गडमुडशिंगीत लहानाचा मोठा झालेला माणूस म्हशीच्या बाबतीत एवढ्यावर थांबला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दसऱ्यानंतर मी खूण क्रमांक अकराकडे निघाले. यंत्रातल्या बाईने मला पाणी जाण्यासाठी रस्त्याखाली बांधलेल्या एका मोरीपाशी नेले आणि मुक्काम आल्याचे जाहीर केले. आजूबाजूला गवत आणि तीन दिशांना जाणाऱ्या तीन वाटा होत्या. एकेका वाटेने मी थोडी थोडी जाऊन परतले. पावसाळ्यातली हिरवळ वाळून गेल्यामुळे एकही जागा ओळखू येईना. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. वाटेत माणसे भेटली, पण मी काच वरच ठेवली. यजमान म्हणाले, "मी येतो की." मी नको म्हणाले. माझ्या यंत्राचा पराभव मला त्यांच्या देखत नको होता.

होता होता पाडव्याची सकाळ उजाडली. घरातले ओवाळणे उरकून मी निघाले आणि तिसऱ्यांदा त्या मोरीपाशी गाडी थांबवून बसले. शेजारच्या आसनावर कागदात गुंडाळलेली म्हैस होती. आज ती जागा सापडली नाही, तर म्हातारबांच्या रिकाम्या गोठ्यापुढे बघायला काही नसणार, हे मला स्वच्छ दिसत होते. आणि हे सगळे मी एक प्रश्न न विचारल्यामुळे होणार होते. गवताचे भारे घेऊन दोन बायका येत होत्या. मी गाडीतून उतरले आणि छायाचित्र उघडून पुढे धरले.

"ही म्हैस कुठे असते, सांगाल का?"

दोघींनी भारे खाली टाकले. "चोरीला गेली व्हय?"

"नाही. हा फोटो द्यायचा आहे."

"म्हशीला?"

दुसरी, वयाने मोठी, माझ्या गाडीकडे पाहत होती. "अगं, ह्या मोजणीच्या बाई. काचंला डबडं बघ की. पावसात हितं हिंडत हुत्या. बाई, आमची किती जमीन जातीया, एकदाचं सांगून टाका."

मग ती सात-आठ वाक्ये मी एका दमात बोलले. कुणाची जमीन जात नाही. हे डबडे फक्त वाट दाखवते. मला वाटा लक्षात राहत नाहीत आणि लोकांना विचारायला लाज वाटते, म्हणून ते घेतले.

"वाट इचारायला लाजतासा?" ती म्हणाली. "आणि करतासा काय तुम्ही?"

"शिकवते."

"काय?"

"भूगोल."

दोघी हसून हसून मोरीवर बसल्या. मलाही हसू आले. मग मोठीने छायाचित्र हातात घेतले. "टिक्क्यावरनंच वळखली की मी. पर आज जाणार हाय ती, जावई टेंपो घिऊन आलाय. चला बिगीबिगी." भारा जोडीदारणीवर सोपवून ती माझ्या शेजारी बसली. वाटभर यंत्र मला मागे वळण्यास सांगत राहिले.

"ही काय म्हणतीया?"

"मागे वळा म्हणते."

"तिला म्हणावं गप बस. तिचं काय माहेर हाय व्हय हितं?"

अंगणात टेंपो लागलेला होता, पण म्हैस अजून खाली होती. शिंगे रंगवलेली, गळ्यात झेंडूचा हार. म्हातारबांनी छायाचित्र हात लांब करून पाहिले, मग आडवे करून पाहिले. सगळी वस्ती भोवती जमली होती.

"डोळा तिचाच हाय," ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, "एक शिंग न्हाय की ह्यात."

"ते... रचनेसाठी," मी पुटपुटले.

"शिंगं हीच तिची शोभा. बघणारा म्हणंल, म्हाताऱ्यानं मोडक्या शिंगाची म्हस पाळली."

यावरचे उत्तर छायाचित्रणाच्या कुठल्याही पुस्तकात असेल असे मला वाटत नाही. मी कॅमेरा काढला. दोन्ही शिंगे टोकांसकट चौकटीत बसेपर्यंत मागे सरकत गेले आणि शेवटी टेकले ती उकिरड्यापाशी. टेंपो थांबला, जावई थांबले, म्हैसही थांबली. त्या वेळी कॅमेऱ्यामागे लपायचे मला सुचलेही नाही, कारण टोके कापली जात नाहीत ना, एवढीच काळजी होती.

"ह्यो कवा आणणार?" म्हातारबांनी विचारले.

"आठ दिवसांत."

"घर घावंल का?" गवतवाली बाई म्हणाली आणि अंगण हसले.

मी गाडीतून यंत्र उपसून आणले आणि सगळ्यांच्या देखत, अंगणाच्या मधोमध, बटण दाबले. उपग्रहांचा शोध सुरू झाल्याचे दाखवून पडदा एकदा लुकलुकला आणि विझला. बॅटरीचा तो रकाना मी स्वतःच्या हाताने आखला होता.

मग मी वही काढली. "आजोबा, तुमचं नाव काय?" मी विचारले.

त्यांनी सांगितले, मग वस्तीचे सांगितले, मग माझे विचारले. चहा आला. वाट सांगायला सगळेच एकदम पुढे झाले आणि मी ती त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतली: मोरीपासनं उजव्या हाताला, पिंपळाला वळसा, कुत्रं भुंकंल ते घर न्हवं, त्याच्या म्होरलं.

आठव्या दिवशी मी दोन्ही शिंगे घेऊन निघाले. पिंपळाला वळसा घातला. कुत्रे भुंकले. मी पुढे गेले.