वेल्डरची गुळाची वाटी

मुरूम गावात माझ्या कापडदुकानासमोर एक वेल्डर बसतो. तिन्ही बाजूंनी पत्रे ठोकलेल्या शेडमध्ये धूर कोंडतो आणि हा त्यातच वाकून ट्रॉल्या जोडतो, नाकाला साधं फडकंही न बांधता. मधूनच बाहेर येतो, ओणवा होऊन खोकतो, फळीवरच्या वाटीतला गुळाचा खडा तोंडात टाकतो आणि पुन्हा आत जातो.

"अवो, छाती दाखवा की डॉक्टरला!" मी रोज घसा कोरडा करतो.

"गुळानं धूर खाली उतरतोय, मालक. आमच्या उस्तादानं जलमभर गूळच खाल्ला."

"कुठं असतात आता उस्ताद?"

"गेले की. लई दम लागायचा त्यांना."

आता या माणसापुढं कपाळ फोडून घ्यायचं का? शेवटी वैतागून मीच सोलापूरहून नाकातोंडावर बांधायचा चांगला मास्क आणून दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी बघतो तर नाक उघडंच, आणि मास्क गुळाच्या वाटीवर पालथा घातलेला.

"हे काय वो?" मी दुकानातूनच ओरडलो.

खोकला थांबेपर्यंत त्यानं हातानं मला थांबवलं. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "धुरानं गूळ काळा पडतोय, मालक. तसला पोटात गेलेला बरा न्हाय."