खोळ टाकलेला म्हसोबा

शेंदूर-तेलाचा वास आला की मी आजही उठून जागा बदलतो. टेंभुर्णीला आमच्या शेताच्या बांधावर म्हसोबा होता. दादा तेव्हा दवाखान्यात होता, म्हणून वहिनी रोज देवाला तेल घालायची. एका दुपारी मी गेलो, तर शेंदराची जाड खोळ गळून पडलेली आणि आतून जास्परचा गर्द हिरवा, शोभिवंत दगड निघालेला. मला दगड जमवायचा नाद. हात थांबला नाही. तो पिशवीत घातला आणि त्याच्या जागी ओढ्यातला काळा गोटा ठेवून शेंदूर फासला. संध्याकाळी वहिनी म्हणाली, "भाऊजी, देव बारीक दिसून राह्यला." मी म्हणालो, "खोळ टाकली न त्यानं, मंग बारीकच दिसणार." "बराबर हाय," म्हणत तिनं त्या गोट्यापुढे पदर पसरला. दादा वाचला नाही. "माझीच सेवा कमी पडली," असं ती अजून म्हणते. पॉलिश केलेला तो दगड माझ्या काचेच्या कपाटात आहे, आणि ती घरी आली की मी कपाटावर चादर टाकतो. उद्या ती येणार आहे. झाकायला हाताशी काही नको, म्हणून चादर मी आत्ताच भिजत घातली आहे.