मरळीच्या जबड्यातला रबरी बेडूक

हे मी मुग्धालाही सांगितलेलं नाही. मुग्धा माझी बायको. टोकियोतल्या फुनाबोरीत आमच्या दोन खोल्यांत तिच्यापासून काही लपवायला जागासुद्धा नाही. तरी लपवलं. मग तुम्हाला का सांगतोय? कदाचित उद्या सकाळी चहाला तुम्ही माझ्यासमोर बसणार नाही म्हणून.

माझे वडील सांगलीत पत्रकं छापायचे. बुवांविरुद्धची, साखर कामगारांची, सभांची. मी वाचायला शिकलो ते त्या पत्रकांवर, शाई वाळायच्या आत. ‘खोट्याशी तडजोड नाही’ हे वाक्य मी दुसरीत असताना घरोघरी वाटलंय. टोकियोत प्रोग्रामर म्हणून आलो तरी ती खुमखुमी गेली नव्हती. पहिल्याच वर्षी मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात कंत्राटी लोकांच्या ओव्हरटाइमवर जळजळीत लेख लिहिला. लोक म्हणाले, पाटील कुणाच्या बापाला घाबरत नाही. मला ते आवडलं. फार आवडलं.

ऑफिसात माझ्या शेजारी ओनोसान बसायचे. पंचेचाळिशीचे, कमी बोलणारे. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एका मासिकातला फोटो दाखवला: युरोपातला पाईक मासा, लांबट, दातांचा, पाणगवतात दबा धरून बसणारा. ‘हा जपानमध्ये नाही,’ ते म्हणाले, ‘इथे त्याच्या जागी राइग्यो.’ आणि पान उलटलं. बघतो तर काय, ही तर आमची मरळ! कृष्णेतली, माझ्या काकांनी आयुष्यभर धरलेली. मी तसं सांगितल्यावर ओनोसानचा चेहरा एवढा खुलला की पुढच्याच रविवारी ते मला इबाराकीतल्या एका तळ्यावर घेऊन गेले.

तळं गावच्या शेतकऱ्यांचं, शिंगाड्याच्या पानांनी गच्च झाकलेलं. राखण नेमोतोसान नावाच्या म्हाताऱ्यांकडे. गळ टाकायची परवानगी बाहेरच्या एकाच माणसाला — ओनोसानना, आठ वर्षांपासून. अटी दोन. जिवंत आमिष लावायचं नाही. आणि गळ मागे ठेवायचा नाही, कारण शिंगाडा काढायला गावची माणसं अनवाणी चिखलात उतरतात. ओनोसाननी मला बरोबर नेलं म्हणजे माझी हमीही त्यांचीच. जपानात ओळख करून देणारा माणूस तुमच्या वागण्याला बांधलेला असतो. हे मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं — मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

त्यांनी मला सगळं शिकवलं. गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून बोथट करायचा, म्हणजे सोडताना माशाला इजा होत नाही. दोरी जाड, न तुटणारी. आमिष म्हणजे पोकळ रबरी बेडूक, पानांवरून उड्या मारत आणायचा आणि पाण्याची मोकळी जागा आली की थांबवायचा. थांबवायचाच. मासा पानं फोडून वर उसळतो तेव्हा ओढायचं नाही; काठी खाली करायची, एक श्वास जाऊ द्यायचा, मग झटका. तो एक श्वास मला कधी जमला नाही. दर वेळी मी आधीच ओढायचो आणि रबरी बेडूक रिकामाच उडून माझ्या अंगावर यायचा.

जूनपासून ऑगस्टपर्यंत — एकही नाही. फुनाबोरीतल्या मराठी घरांत तोवर माझी मरळ प्रसिद्ध झाली होती. ‘काय पाटील, आणलीत का? मसाला वाटून ठेवलाय हो!’ कुणाचीतरी बायको म्हणायची. मुग्धाही हसायची, ‘अहो, त्याला विचारू नका, सुपरमार्केट उघडंय अजून.’ मीही हसायचो. पण आतून जळायचो. काय होतं एवढं जळण्यासारखं? आजही मला सांगता येत नाही.

ऑगस्टमधला एक रविवार. ओनोसान पलीकडच्या काठावर होते. मी बांधावरून एक बेडूक धरला, जिवंत. सांगलीहून आणलेला काकांचा गळ खिशात होता, धारदार, न दाबलेल्या काट्याचा. तो खिशात होता म्हणजे मी घरूनच ठरवून निघालो होतो — हेही लिहूनच टाकतो.

दहा मिनिटांत मरळ लागली. हातभर लांब, डाव्या डोळ्यावर पांढरा जुना व्रण. गळ तिनं पार पोटात गिळला होता. निघेना. मी तोंडाशी दोरी कापली. मग रबरी बेडूक घेतला, तिच्या जबड्याच्या कोपऱ्यात नीट अडकवला, आणि ओरडलो, ‘ओनोसान! लागली!’

ते धावत आले. चिखलात घसरले, उठले, पुन्हा धावले. त्यांनी फोटो काढला, माझे दोन्ही हात धरले. ‘श्वास मोजलात?’ त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘मोजला.’ आणि आम्ही मासा सोडला.

पुढच्या रविवारी ओनोसाननी त्या फोटोची मोठी प्रत आणली होती, नेमोतोसानना आभार म्हणून द्यायला. नेमोतोसाननी ती दोन्ही हातांनी घेतली. बराच वेळ पाहिली. मग आम्हाला तळ्याकाठच्या शेडमागे नेलं. बादलीत मेलेली मरळ होती, डोळ्यावर व्रण. झाकणावर तिच्या पोटातून काढलेला काकांचा गळ.

ओनोसान माझ्याकडे वळले. ‘पाटीलसान, रबरीच होता ना?’

विचारताना त्यांचा आवाज मऊ होता. खरं बोलायला माझ्यासाठी त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. आणि मी — पत्रकं वाटलेला मी — म्हणालो, ‘हो. रबरीच.’

त्यांनी मान हलवली. नेमोतोसानकडे वळून कमरेत वाकले, इतके की मला त्यांच्या मानेवरचा घाम दिसला. म्हणाले, ‘माझ्या शिकवण्यात कमी राहिली.’ आठ वर्षांची परवानगी त्या एका वाक्याबरोबर गेली. मी शेजारी ताठ उभा होतो. वाकलोसुद्धा नाही, वाकलो असतो तर कबूल केल्यासारखं झालं असतं.

त्याच आठवड्यात दिवाळी अंकासाठी मासेमारीवरचा माझा लेख जायचा होता. चिकाटी, संयम, एक श्वास थांबण्याचं तत्त्वज्ञान. सोबत तो फोटो. मागे घेता आला असता. मी पाठवला. तीन जणांनी फोन करून सांगितलं, डोळ्यांत पाणी आलं.

ऑफिसात ओनोसानचं वागणं बदललं नाही. रोज तेच अभिवादन, तीच नम्रता. फक्त मासिकं आणणं बंद झालं. नोव्हेंबरमध्ये ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना विचारलं, ‘ओनोसान, हल्ली तळ्यावर जात नाही?’ ते हसले. म्हणाले, ‘पाठ दुखते हो. वय झालं.’

त्यांची पाठ दुखत नव्हती. मी हातभर अंतरावर बसलो होतो, आणि टाइप करत राहिलो.