दमयंतीचा चेहरा

मालिकेत कोणाला कोणती भूमिका द्यायची हे जे कोण ठरवतात, त्यांच्यावर माझा फार राग आहे. मुलगा पस्तिशीचा आणि त्याची आई अडतीसची. कॉलेजात जाणारी म्हणून जिला आणतात, तिची स्वतःची मुलगी कॉलेजात असायला हवी. खलनायिका तेवढी नेमकी निवडून आणतात, आणि सगळ्यांत भारी साड्याही तिलाच. हे घरी बोलले की आमचा देवव्रत म्हणतो, "मग आई, बघतेस कशाला?" त्याला मी काय सांगणार? म्हणून साडेसात वाजले की चष्मा घेऊन मी समोरच्या घरी जाते. तिथे हर्षाली आणि तिच्या सासूबाई, लंकाबाई, टीव्ही लावून बसलेल्या असतात.

हर्षाली घरी ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. नवरा महेश अंबडला कारखान्यात, त्याची बहुतेक दुसरी पाळी. हर्षाली स्वभावाने शांत. कोणी टाकून बोललं तर मान खाली घालून मशीन जोरात चालवायची, एवढाच तिचा राग. उलट उत्तर तिला कधी जमलंच नाही. जमलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं, असं माझं मत आहे.

लंकाबाई मूळच्या नामपूरच्या. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली, आणि आता उजेड-अंधार सोडला तर काही कळत नाही. पण मालिका सुटली नाही. आवाज ऐकू येतात, गोष्टही समजते, मात्र बोलणाऱ्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. "ही कशी हाय दिसायला?" हे त्यांचं ठरलेलं. हर्षाली सुरुवातीला सांगायची, गोरी आहे, उंच आहे, नाक सरळ आहे. लंकाबाई वैतागायच्या. "समद्याच गोऱ्या अन् उंच. कोणासारखी ते सांग."

मग हर्षालीने एक युक्ती काढली. प्रत्येक पात्राला ती ओळखीतल्या माणसाचा चेहरा द्यायला लागली. मालिकेतले सासरे म्हणजे आपले शामसुंदर डॉक्टर, तसंच टक्कल आणि तसंच पोट. स्वयंपाकीणबाई म्हणजे धुण्याभांड्याची आशा. नायिकेच्या भित्र्या नवऱ्याला तिने माझ्या देवव्रतचा चेहरा दिला, आणि मलाही तो पटला. लंकाबाई खूश. त्या म्हणायच्या, "आता मला समदं दिसतं."

निकिता ही लंकाबाईंची थोरली लेक, कळवणला दिली आहे. बाई मनाची वाईट नाही, पण जिभेला लगाम नाही. मागच्या दिवाळीत आली होती. घरात चार पाहुणे बसलेले असताना फराळाची ताटली हातात घेऊन म्हणाली, "थेंब वेळेवर पडले असते ना, तर आईचे डोळे राहिले असते." ज्या हर्षालीने मोबाइलला गजर लावून वर्षानुवर्षं ते थेंब घातले, ती तिथेच चहा गाळत होती. मी बोलणार होते, पण तिने मला नजरेनेच गप्प केलं.

त्याच आठवड्यात मालिकेत दमयंती आली. नायिकेची नणंद. तोंडावर साखर आणि डोळा आईच्या दागिन्यांवर. लंकाबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "ही कोणासारखी गं?"

हर्षाली हातातल्या ब्लाउजला हुक लावत होती. मान वर न करता म्हणाली, "आपल्या निकिताताईंसारखी."

मला हसू आलं. लंकाबाईंना नाही आलं. "निकीसारखी?"

"हो आई. तसंच नाक, हनुवटीवर तसाच तीळ. बोलताना मानही तश्शीच वाकडी करते."

वास्तविक त्या नटीचा चेहरा गोल होता आणि तीळबीळ काही नव्हता. मला वाटलं, एक दिवसाची गंमत आहे, मनातली वाफ जाऊ दे. पण दुसऱ्या दिवशीही तेच. दमयंती आईचे पाय चेपायला बसली की हर्षाली सांगायची, "आता बघा, ताई जशा पदर खोचून बसतात तशी बसली आहे." दमयंतीने कपाटाची किल्ली लांबवली, तेव्हा हर्षालीने तिच्या हातात निकिताच्या हिरव्या बांगड्या घातल्या. या कामात ती मोठी तयार होती. मालिकावाल्यांना इतकं जमत नाही.

दोन-अडीच महिने हे चाललं. निकिताचा फोन आला की लंकाबाई आधी तासभर बोलायच्या, त्या आता "बरी हाय, ठेवते" म्हणायला लागल्या. लेक वाईट आहे असं त्या मुळीच मानत नव्हत्या, एवढ्या त्या भोळ्या नाहीत. पण डोळे गेलेल्या माणसाला चेहरा आठवावा लागतो, आणि निकिताचा चेहरा आठवायला गेल्या की त्यांच्यापुढे दमयंती उभी राहायची. रोज साडेसातला ताजी होऊन.

संक्रांत झाल्यावर निकिता आली. शेतातले शेंगदाणे, बाजरी, आईला आवडतात म्हणून घरच्या कुरडया, एवढं सगळं एसटीतून लादून आणलेलं. आल्या आल्या आईजवळ पलंगावर बसली आणि पाय चेपायला लागली. लंकाबाईंनी पाय ओढून घेतले. मग दोन्ही हातांतल्या सोन्याच्या पाटल्या पदराखाली झाकल्या.

हे आम्ही तिघींनी पाहिलं. निकिताचे हात तसेच अधांतरी राहिले. "आई, मी पाटल्या न्यायला आले का गं?" ती म्हणाली. लंकाबाईंनी पदर आणखी घट्ट ओढला. निकिता दोन दिवस राहणार होती, ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली. हर्षाली तिला रिक्षात बसवायला खाली गेली होती, ती परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काकू, ताई रडत होत्या," ती मला म्हणाली. "मला म्हणाल्या, हर्षाली, तू आईला सांभाळ, तिचा माझ्यावर जीव राहिला नाही. माझ्या गळ्यात पडून म्हणाल्या हो."

त्यानंतर तिचं जेवणात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या बाह्या उलट्या लावून बसली. मी चिडून म्हटलं, "मग जाऊन खरं सांग की. दोन वाक्यांचं काम आहे."

"सांगितलं तर त्या माझ्यावर कशा विश्वास ठेवतील?" ती म्हणाली. "गोळी कुठली, भाजीत काय आहे, दारात कोण आलं, सगळं माझ्याच तोंडून कळतं त्यांना. त्यांच्या डोळ्यांच्या जागी मी आहे, काकू. आणि मी असं केलं." रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

तिने तिच्यापरीने वाट काढली. मालिकांत माणसं मध्येच बदलतात, हे लंकाबाईंना ठाऊक होतं. काल एक नटी होती, आज त्याच नावाने दुसरीच उभी, खाली एक पट्टी फिरते आणि सगळे नव्या बाईला जुन्याच नावाने हाक मारतात. एका सोमवारी दमयंती पडद्यावर आली तशी हर्षाली म्हणाली, "आई, आज दमयंती बदलली. नवीन बाई घेतली आहे."

"हो? ही कोणासारखी?"

हर्षालीने माझ्याकडे पाहिलं. मग हात मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "माझ्यासारखी."

लंकाबाई थोडं पुढे झुकल्या. दमयंती आईला लाडीगोडी लावत होती, बरंच लांबलचक बोलत होती. लंकाबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"आवाज तर तोच शे," त्या म्हणाल्या. रागात किंवा दुःखात त्या नामपूरची अहिराणी बोलतात.

हर्षालीने पुन्हा माझ्याकडे पाहिलं, मी टीव्हीकडे.

"बाई बदलली अन् आवाज तोच, असं कसं?" लंकाबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे ती निकीसारखी कधी नव्हतीच."

"नाही आई," हर्षाली म्हणाली. "नव्हती. मीच म्हणत होते. ताई थेंबांवरून बोलल्या, त्याचा राग होता मला."

लंकाबाईंनी चाचपडत रिमोट शोधला आणि टीव्ही बंद केला. "निकीले फोन लाव," म्हणाल्या. हर्षालीने लावून दिला आणि आत जायला उठली, तर त्यांनी तिला तिथेच बसवलं. लेकीची माफी त्यांनी स्वतः मागितली. डोळे नाहीत, माझं डोकं फिरलं होतं, एवढंच म्हणाल्या. हर्षालीचं नाव त्यांच्या तोंडून आलं नाही. ती शेजारी बसून ऐकत होती, आणि तिला शिव्या घातल्या असत्या तरी तिचं तोंड इतकं उतरलं नसतं.

निकिता आता पुन्हा येते, राहते, आईचे पाय चेपते, आणि हर्षालीला भरभरून शेंगदाणे देते. त्यातला एक दाणा हर्षालीच्या घशाखाली उतरत नाही. सासू-सुनेत भांडण नाही, अबोला नाही. गोळ्या, जेवण, वेणी, सगळं तिच्याच हातून होतं.

फक्त मालिकेत नवीन माणूस आला की हर्षाली लंकाबाईंकडे बघते. त्या टीव्हीकडे कान लावून बसलेल्या असतात. कोण कसं दिसतं, हे त्या आता विचारत नाहीत.