न मोडलेलं आसन

माझ्या श्रद्धेचा मला फार ताठा होता. शारजामध्ये अल नहदाला आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. सासरे, म्हणजे अप्पा, ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत आणि मशीन चालतं विजेवर. त्यांच्याच तब्येतीसाठी मी पोथीचं सात दिवसांचं पारायण धरलं होतं. पाचव्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर वादळाचा इशारा आला: पाणी भरून ठेवा, मशीनवरच्या रुग्णांची आधी सोय करा. अबुधाबीचे दीर अप्पांना न्यायला गाडी घेऊन यायला तयार होते. लेक तो इशारा माझ्यापुढे धरून म्हणाली, "आई, जस्ट रीड इट, प्लीज." मी म्हटलं, "पारायणात आसन मोडायचं नसतं. अप्पा इथेच राहतील, महाराज बघतील." आणि मोबाइल सायलेंटवर टाकला.

सातव्या दिवशी दुपारी आभाळ काळंकुट्ट झालं, वारा आणि पाऊस काचांवर आदळू लागले आणि वीज गेली. लिफ्ट बंद, नवरा दुबईला ऑफिसात अडकलेला. अप्पांचे ओठ निळसर पडू लागले. त्यांचा हात धरून बसले होते आणि मला एकही ओवी आठवेना. तेवढ्यात दार वाजलं. इमारतीखाली बकाला, म्हणजे किराणा दुकान, चालवणारे रत्नागिरीचे दाऊदभाई उभे होते, खांद्यावर दुकानातल्या फ्रिजची बॅटरी. "मशीन बंद पडलं असेल ना, वहिनी? थांबा, इन्व्हर्टर खालीच राहिलाय." ते पुन्हा नऊ मजले उतरले आणि चढले. मशीन सुरू झालं. अप्पा पुटपुटले, "महाराजांनीच धाडलं तुला."

मलाही तेच वाटलं. सांगायला लाज वाटते, पण दाऊदभाई गेल्यावर मी परत आसनावर बसले आणि उरलेले तीन अध्याय वाचून काढले. मगच प्रसाद घेऊन खाली गेले. दुकानात गुडघाभर पाणी होतं. आमच्यासाठी केलेल्या दोन फेऱ्यांत त्यांचा माल वर उचलायचा राहिला होता. पिठाची भिजलेली पोती बाजूला सारून त्यांनी हात सदऱ्याला पुसले, दोन्ही हातांनी प्रसाद घेतला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "वाचन पुरं झालं ना, वहिनी?"

अप्पा आजही आहेत. देवाचे उपकार मानते, पण हात जोडले की मान वर होत नाही. त्याने दोन दिवस आधीच हाक मारली होती आणि मी तिला विघ्न समजले. शरण जायचं तर आधी आपला हट्ट सोडावा लागतो, हे मला दुसऱ्याच्या दुकानात कळलं. आता पोथीशेजारी चार्ज केलेली बॅटरी असते. दाऊदभाईंच्या त्या प्रश्नाला मात्र मी अजून उत्तर दिलेलं नाही.