कबुतरांचा दिवस, नव्वद डॉलर

ईश्वर रंगारी पहाटे साडेतीनला उठायचा. गजर लावावा लागत नसे. नागपूरच्या गिरणीत पहिल्या पाळीला जायची सवय अंगात इतकी मुरली होती की जर्सी सिटीत येऊन सहा वर्षं झाली तरी डोळा त्याच वेळी उघडे. अंधारात चहा, कालची पोळी, जाड बूट. मग पहिली बस पकडून गोदामाच्या धक्क्यावर.

तिथं त्याचं काम ट्रक रिकामे करण्याचं होतं. तांदळाची पोती, कॉफीची पोती, साखर. पोतं उचलताना कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे. पोतं अंगाला चिकटवून घ्यायचं. लांब धरलं की तेच पोतं दीडपट जड होतं. नवीन माणसं जोर लावत आणि महिन्यात पाठ धरून बसत. ईश्वर जोर जपून वापरायचा, म्हणून टिकला.

दुपारी दोनला तो घरी यायचा. त्यानंतरचा वेळ जरा बरा जाई. मुलगी संघमित्रा शाळेतून येई, तिला खायला द्यायचं, भात लावायचा. सहा वाजले की मात्र तो दर दोन मिनिटांनी घड्याळ पाही.

सुजाता, त्याची बायको, म्हाताऱ्यांच्या एका नर्सिंग होममध्ये नर्स होती. तिच्याच नोकरीवर सगळे अमेरिकेत आले होते. तिची पाळी साडेसहाला संपे आणि ती चालत सातला घरी पोचे. १९८७ सालच्या त्या हिवाळ्याच्या तोंडाशी हा अर्ध्या तासाचा रस्ता फार लांब झाला होता. गावात पोरांची एक टोळी भारतीय माणसांना गाठून मारत होती. एकाला स्टेशनजवळ बॅटनं झोडपलं. एकाची खिडकी दगडानं फुटली. रविवारी वंदनेला जमलेली मंडळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावत आणि नंतर चहा पिताना फक्त हेच बोलत.

सुरुवातीला ईश्वर तिला आणायला जायचा. एका संध्याकाळी एक गाडी त्यांच्यामागून हळूहळू येत राहिली. आतून शिव्या आल्या, बाटली आली. बाटली ईश्वरच्या पायाशी फुटली. दिवसभर पोती उचलणारे त्याचे हात तसेच लोंबकळत राहिले. गाडी निघून गेली.

"उद्यापासून तुम्ही येऊ नका," घरी आल्यावर सुजाता म्हणाली.

"का?"

"बरोबर माणूस दिसला की त्यांना चेव येतो. एकटी असले तर ओरडून पुढे जातात."

"आणि नाही गेले तर?"

"कुंकू सोडलं, साडी सोडली. आता रंग कुठे काढून ठेवू, सांगा."

तेव्हापासून ईश्वर घरातच थांबू लागला. रस्त्यावरून खिडकी दिसू नये म्हणून दिवा बंद ठेवायचा. जिन्यावर पाऊल वाजलं की श्वास धरायचा.

"डॅडी, व्हाय आर वी सिटिंग इन द डार्क?" संघमित्रा विचारायची.

"बिल वाचतं," तो सांगायचा.

बंदुकीची कल्पना जगन्नाथची. जगन्नाथ नाशिकचा, त्याच गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. पोट सुटलेला, बोलका. त्यानं स्वतः एक बंदूक घेऊन ठेवली होती.

"अरे, तू पण घे. मी दुकान दाखवतो. पोलिसांकडून परवान्याचं कार्ड काढायचं, बोटांचे ठसे द्यायचे, झालं."

ईश्वरनं कार्ड काढलं. ते आल्यावर जगन्नाथ म्हणाला, "आता एक कर, लगेच विकत घेऊ नकोस. आधी चालवायला शिक. पेनसिल्व्हेनियात एक म्हातारा आहे, व्हर्न नावाचा. शेतावर कबुतरांची शिकार करवतो. बंदूक त्याची, काडतुसं त्याची, दिवसभर शेजारी बसून शिकवतो. नव्वद डॉलर."

"नव्वद?"

"रिकाम्या डब्यावर मारायचं तर फुकट मार. डबा पळतो का? जो येणार आहे तो हलणार आहे, यार. हलत्यावर मारता आलं पाहिजे."

नव्वद डॉलर म्हणजे दोन दिवसांची पोती. ईश्वरनं ते मनात उचलून पाहिले. मग सुजाताला सांगितलं.

"पहिलं शील काय आहे?" तिनं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता.

"माहीत आहे मला."

"दर रविवारी हात जोडून म्हणता, कुणाचा जीव घेणार नाही."

"त्या रस्त्यानं तू येतेस तेव्हा माझं काय होतं, तेही माहीत आहे मला. बंदूक घरात असली तर निदान दार तरी राखता येईल."

ती भांडी घासत राहिली. शेवटचं पातेलं पालथं घालून म्हणाली, "जा. शिकून या. घरात आणायची की नाही ते मग बघू."

शनिवारी जगन्नाथच्या गाडीतून दोघं निघाले. उजाडताना शेतावर पोचले. मका कापून झाला होता, सगळीकडे धसकटं. दूर धान्याचे दोन उंच सायलो आणि लाल कोठार. कोठाराच्या छपरावर कबुतरं बसलेली.

व्हर्न सत्तरीचा, कोळशाच्या खाणीत आयुष्य गेलेला. त्याच्या हातावर निळे डाग होते, ते घासून जाणारे नव्हते. त्यानं ईश्वरचे हात पाहिले आणि विचारलं, "काय करतोस?"

"पोती उतरवतो."

"मग सांगितलेलं ऐकशील," व्हर्न म्हणाला.

शेताच्या कडेला त्यानं गोणपाट आणि मक्याची ताटं लावून दोन आडोसे केले होते. एकात जगन्नाथ त्याची स्वतःची बंदूक घेऊन बसला, दुसऱ्यात ईश्वर आणि व्हर्न. त्याआधी व्हर्ननं शेतात प्लास्टिकची कबुतरं मांडली. घाई नाही. प्रत्येकाचं तोंड वाऱ्याकडे, मधे मोकळी जागा.

"ही कशाला?" ईश्वरनं विचारलं.

"रिकाम्या शेतात ती उतरत नाहीत. आपल्यातली बसलेली दिसली की त्यांना वाटतं, जागा चांगली आहे."

ईश्वरच्या मानेवर काटा आला. त्यानं घर घेतलं ती गल्ली त्याच कारणानं निवडली होती. तीन घरांत आपली माणसं होती.

व्हर्नचा एकच कडक नियम होता. आडोशातून कुणीही बाहेर गेलं, तर बंदूक मधून मोडून उघडायची, काडतुसं काढायची. ती दुनळी होती. उघडून पुन्हा मिटली की काय होतं, कोणती कळ कुठे असते, हे सगळं त्यानं दाखवलं. ईश्वरनं मान हलवली. निम्मं कानावरून गेलं. त्याचं लक्ष वजनावर होतं. बंदूक एका पोत्याच्या वजनाच्या जवळही जाणारी नव्हती, आणि तरी त्यानं ती पोत्यासारखी अंगाला चिकटवून धरली होती.

कबुतरं आली. कोठारावरून उठली, वळसा घेतला, पंख ताणून खाली येऊ लागली.

"थांब," व्हर्न कुजबुजला आणि त्यानंच बंदुकीची कळ सरकवून दिली. "थांब. आता."

बार उडाला, बंदुकीचा दस्ता खांद्यात घुसला. कबुतरं निघून गेली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. शेजारच्या आडोशातून जगन्नाथ ओरडला, "ईश्वरराव, वर मारताय की पाऊस पाडताय?"

"तू त्यांच्यावर मारतोस," व्हर्न म्हणाला. "ती जिथं जाणार आहेत तिथं मार. आणि श्वास धरून ठेवू नकोस."

पुढच्या खेपेला एक पडलं. मेलं नव्हतं. एक पंख आपटत मातीत गोल फिरत होतं. व्हर्न गेला, मान पिळली आणि हनुवटीखाली काडी लावून त्याला इतरांत बसवलं. चरत असल्यासारखं. थोड्या वेळानं त्याच्याकडे बघून दुसरी उतरली.

ईश्वरनं नळ्यांत नवी काडतुसं सरकवली. जे शिकायला आलो ते जमतंय, असं त्यानं स्वतःला बजावलं. हलत्यावर लागलं. पैसे वाया जात नाहीयेत.

उन्हं वर आल्यावर व्हर्न पडलेली कबुतरं गोळा करायला लांब गेला. बंदूक ईश्वरच्या मांडीवर मोडून उघडी होती, रिकामी. शेत शांत झालं. तेवढ्यात मागच्या कच्च्या रस्त्यावर एक पिकअप येऊन थांबला. दारं धाडकन आपटली. तरुण पोरांचे आवाज आले, मोठमोठ्यानं हसण्याचे. एकजण काहीतरी ओरडला. शब्द कळले नाहीत. सूर ओळखीचा होता.

ईश्वरला आडोशातून मागचं दिसत नव्हतं. एवढ्या लांब, कुणी ओळखीचं नाही, आजूबाजूला सगळे गोरे आणि आपण दोघं.  हातांनी आपणहून काम केलं. खिशातून दोन काडतुसं, नळ्यांत. बंदूक मिटली.

मागची ताटं खसखसली. पाऊल. आणखी एक पाऊल, अगदी जवळ.

ईश्वर वळला, नळ्या समोर केल्या आणि चाप ओढला.

काहीच झालं नाही.

समोर जगन्नाथ होता. एका हातात थर्मास, एका हातात कागदी कप. नळ्या त्याच्या पोटापासून हातभर अंतरावर.

"अरे अरे, काय करतोस?" तो हसला. "एवढ्या पोटाचं कबूतर पाहिलंस कधी?"

ईश्वरचं बोट अजून चापावर दाबलेलं होतं. ते उचलायचं त्याला सुचत नव्हतं. तेवढ्यात बाजूनं एक निळ्या डागांचा हात आला, नळ्या जमिनीकडे वळवल्या, बंदूक काढून घेतली. व्हर्ननं ती उघडली. दोन काडतुसं तळहातावर घेतली. तो काडतुसांकडे पाहत राहिला, मग ईश्वरच्या बोटाकडे.

"कॉफी प्या," तो जगन्नाथला म्हणाला. "आजचं झालं."

पिकअपमधली पोरं कोठाराशी गवताचे गठ्ठे उतरवत होती. मजुरीवर आलेली. गठ्ठा लांब धरून उचलत होती, चुकीचं. ईश्वर बघत राहिला. त्यानं कुंपण धरून ठेवलं होतं.

जगन्नाथ गाडीत सामान भरायला गेल्यावर व्हर्न जवळ आला.

"ही बंदूक उघडली की सेफ्टी आपोआप लागते, मग चाप ओढला तरी बार उडत नाही. मी सकाळी सांगितलं होतं."

"हो."

"सगळ्या बंदुकांना तशी नसते. तुझ्या मित्राच्या बंदुकीला नाही."

व्हर्ननं हातातली काडतुसं खिशात टाकली.

"कोण समजलास त्याला?"

ईश्वरनं पोरांकडे पाहिलं. व्हर्ननंही तिकडे पाहिलं आणि मान हलवली. त्याला किती कळलं कोण जाणे.

"पुन्हा माझ्या शेतावर येऊ नकोस," तो म्हणाला. "पैसे परत देणार नाही. आजचा दिवस तुला स्वस्तात पडला."

परतीच्या वाटेवर जगन्नाथ त्याची सहा कबुतरं, मसाला, बायको काय म्हणेल, असं सगळं बोलत होता. ईश्वर त्याच्या पोटाकडे बघत होता. स्वेटरची दोन बटणं, मधला ताणलेला भाग. हा माणूस जिवंत आहे. बोलतो आहे. आपण चाप ओढला होता, हे त्याला कसं सांगायचं? त्या दिवशी सांगणं झालं नाही. पुढेही कधी झालं नाही.

घरी सुजाता शनिवारची पाळी करून आली होती. जेवायला बसल्यावर तिनं विचारलं, "मग? कधी आणताय?"

"आणत नाही."

"का? जमलं नाही?"

"जमलं." त्यानं घास तसाच हातात धरला. "सात वाजता अंधारात दार तू उघडतेस."

तिनं त्याच्याकडे पाहिलं.  संघमित्राच्या ताटात आणखी भात वाढला. 

भीती मात्र कुठे गेली नाही. सहा ते सात तीच होती, उलट आता दोन प्रकारची झाली होती. रस्त्यावरच्या पोरांची आणि स्वतःच्या हातांची. ईश्वरनं बंदुकीसाठी बाजूला ठेवलेले पैसे तसेच ठेवले आणि शनिवारचं जादा काम मागून घेतलं. गोदामातला एक म्हातारा निवृत्त होऊन फ्लोरिडाला चालला होता. त्याला त्याची जुनी, लांबलचक स्टेशन वॅगन गाडी विकायची होती. बंदुकीच्या तिप्पट किंमत. हिवाळाभराची पोती.

गाडी चालवायला जगन्नाथनंच शिकवलं, रविवारी गोदामाच्या रिकाम्या आवारात.

"ब्रेक, ब्रेक! अरे, मला मारायचा विचार आहे का तुझा?"

ईश्वरनं ब्रेक इतका दाबला की जगन्नाथचं कपाळ काचेला लागलं. नंतर ईश्वर खाली उतरून काही वेळ गाडीला टेकून उभा राहिला. जगन्नाथला वाटलं, नवशिक्या आहे, घाबरला.

परवाना मिळाला तेव्हा फेब्रुवारी होता, बर्फ काळं पडलेलं. पहिल्या संध्याकाळी ईश्वर नर्सिंग होमसमोर वेळेआधीच जाऊन थांबला. दारं आतून लावून, संघमित्राला शेजारी बसवून. रस्त्यानं एखादी गाडी हळू आली की त्याचे हात चाकावर आवळत.

सुजाता बाहेर आली. काचेजवळ वाकून म्हणाली, "इंजिन कशाला चालू ठेवलंय? पेट्रोल फुकट येतं का?"

"बंद केलं तर सुरू होईल याची खात्री नाही."

ती हसली. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच. मग मागे वळून तिनं हात केला. दारातून आणखी दोघी आल्या, नर्सिंग होमच्या गणवेशावर कोट चढवलेल्या. एक गुजराती, एक फिलिपिनो.

"यांनाही त्याच रस्त्यानं जायचं असतं," सुजाता म्हणाली. "इतके दिवस तिघी वेगवेगळ्या चालत होतो. एकत्र दिसू नये म्हणून."

दोघी मागे बसल्या. गाडी मागून खाली दबली. ईश्वरला ते कमरेत जाणवलं, ओझं चढलं की कळतं तसं. गाडीचे मागचे शॉक-ॲब्सॉर्बर गेलेले होते. एका कोपऱ्यावर चार पोरं उभी होती. त्यांनी गाडीकडे पाहिलं.  दिवा हिरवा झाला, आणि ईश्वर न थांबता पुढे गेला.

सगळ्यांना दारापर्यंत सोडून घरी आल्यावर सुजातानं सांगितलं, मागचं डावं दार आतून लागत नाही, ती बाई वाटभर ते हातानं ओढून धरून बसली होती.

पुढच्या शनिवारच्या मजुरीतून ईश्वरनं आधी त्या दाराचं कुलूप बदललं.