सीतारामभाऊंनी न सोडलेली फुंक

या सदरातले अनुभव मी वाचतो ते बहुतेक वेळा हसायला. पांढरी साडी, उलटे पाय... निम्मं आयुष्य चांद्याच्या जंगलात गेलं माझं. वाघ पाहिला, अस्वल पाहिलं, भूत एकही नाही. आजही कोणी अंगारा घेऊन आला तर मी त्याला दारातूनच वाटेला लावतो. तरी हे लिहितोय, कारण आता वय झालंय आणि ही एक गोष्ट मी कोणालाच पूर्ण सांगितलेली नाही.

साल पंचावन्नच्या आसपासचं. मी वरोऱ्याला एका लाकूड डेपोत कारकून होतो. आम्हा आठ-दहा हौशी लोकांचा बँड होता — दिवसभर आपापली कामं, संध्याकाळी तालीम आणि सुगी संपली की लग्नं. त्यात एक युफोनियम होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो : कवेत धरावा लागतो असा मोठा पितळी बाजा, तीन पिस्टनचा, आवाज खालचा आणि भरदार. बाजा बँडचा, पण वाजवायचे सीतारामभाऊ.

हा माणूस मला आवडत नव्हता. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात... मी खोटं बोलणार नाही. शिकवतो म्हणून त्यांनी मला तीन वर्षं नुसतं साफसफाईला बसवलं. चिंच आणि राखेनं पितळ घासायचं, पिस्टन काढून पुसायचे, खोबरेलात थोडं रॉकेल मिसळून दोन-दोन थेंब सोडायचे, खालची कळ दाबून आतलं पाणी काढायचं. हे पाणी म्हणजे वाजवणाऱ्याच्या श्वासाची वाफ. अर्धा तास वाजवलं की चमचाभर जमतंच. ओठ मात्र लावू द्यायचे नाहीत. पुढे त्यांचे समोरचे दात पडले, वाजवणं संपलं, तरी बाजा सोडेनात.

आमच्यात एक रीत होती. वाजवणारा थांबला की तो सगळ्यांसमोर एकदा शेवटचं फुंकायचा, आतलं पाणी स्वतःच्या हातानं काढायचा आणि माउथपीस नव्या माणसाला द्यायचा. नव्यानं नारळ देऊन पाया पडायचं. याला आम्ही ‘फुंक सोडणं’ म्हणायचो.

त्या वर्षी सीतारामभाऊंचा दमा बळावला. त्यांची मुलगी सगुणाबाई त्यांना पोंभुर्ण्याजवळच्या आपल्या गावी न्यायला आली. मोटार सुटायच्या आधी आमचे बँडमास्तर गणपतभाऊ त्यांना म्हणाले, “भाऊ, आता फुंक सोडून द्या ना.”

“जीव आहे तोवर नाई सोडत,” म्हातारा धापा टाकत म्हणाला. “अन् ह्याच्या हातात तं नाईच.”

माझं डोकंच फिरलं. म्हणालो, “मग सरणावर घेऊन जासान का?”

सगुणाबाईनं मान खाली घातली. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी खुंटीवरचा बाजा सरळ उतरवून घेतला. नारळ नाही, नमस्कार नाही.

बँडात मी तोवर बिगुल वाजवायचो, फुंकायची सवय होतीच; आठवडाभर तो उत्तम वाजला. गणपतभाऊंनी लग्नासाठी नवी चाल बसवली होती. माझ्या वाट्याला दोन लांब सूर आणि एक तोकडा, पुन्हा तेच. तोकड्या सुरानंतर माझा दम तुटायचा आणि पुढचा सूर हमखास उशिरा यायचा. त्यावरून रोज शिव्या खायचो.

लग्न कापसाच्या एका व्यापाऱ्याकडचं होतं, वरात सकाळी उन्हं चढल्यावर निघाली. मी फुंकलं... आवाज नाही. पुन्हा फुंकलं... नाही. कोंडला असता तर हवा परत तोंडावर आली असती. इथे उलट. हवा सहज जात होती — मी ढकलण्याच्या आधीच कोणी तरी ती ओढून घेत होतं.

“वाजवून राह्यला का नुसते गाल फुगवून राह्यला?” गणपतभाऊ ओरडले.

लिंबाखाली बसून मी सगळं उघडलं. पिस्टन हलके, स्प्रिंगा शाबूत, नळ्यांतून फडकं आरपार. पुन्हा जोडून उभा राहिलो. लोक हसायला लागले होते, नवरदेवाकडचा एक जण तर माझी नक्कल करत पुढे नाचत होता. मी चिडून फुंकतच राहिलो. दोनेक तास तरी! मग कळ दाबली. एक थेंब पडला नाही. आत बोट घालून पाहिलं, कोरडं ठणठणीत.

पंगत बसायच्या वेळेला माझा संयम संपला. हे म्हाताऱ्याचंच काही तरी, असं मनात आलं आणि मी मोठ्यानं म्हणालो, “मर एकदाचा!” बाजा बैलगाडीत फेकला आणि घरी निघून गेलो.

तिसऱ्या दिवशी निरोप आला, सीतारामभाऊ लग्नाच्या दिवशीच वारले. गणपतभाऊंनी मला ओढूनच भेटायला नेलं. सगुणाबाई ओसरीवर बसली होती. तिनं आपणहून सांगितलं.

“सकायीच श्वास थांबला होता जी. रडारडबी सुरू झाली. अन् मंग एकदम छाती फुगली बाबाची! पण असा श्वास म्या कोणाचा पाह्यला नाई.”

तिनं तळहात छातीसमोर वर-खाली करून दाखवलं. दोन लांब, एक तोकडा. मग थोडं थांबून, उशिरा, पुढचा.

गणपतभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. ती चाल म्हाताऱ्यानं कधी ऐकलेली नव्हती. आणि ती चूक तर फक्त माझी होती.

“जेवणाच्या येळेपर्यंत चाललं,” ती म्हणाली. “डोये उघडले, मले ओळखलं, पाणी मांगतलं. मले वाटलं, वाचले. म्या पाणी आणाले उठली... अन् बंद. कापून टाकल्यावानी.” मग तिनं विचारलं, “भाऊ, तुमी त्या रोजी बाजा वाजोला का?”

मी म्हणालो, “नाई.”

तसं पाहिलं तर खरंच होतं, वाजला कुठे होता? बाजा पुढे दुसऱ्यानं घेतला आणि छान वाजला. मी त्याला परत ओठ लावला नाही.

याबद्दल डॉक्टरांना विचारायची हिंमत झाली नाही आणि मांत्रिकावर विश्वास नाही. पण लोक ज्याला घाबरतात ते मला भेडसावत नाही. मला वेगळंच छळतं. माझा श्वास तिकडे कोणाला जगवतोय हे त्या दिवशी कळलं असतं, तर त्या माणसासाठी, भर वरातीत हसं करून घेत, मी फुंकत राहिलो असतो का?

हो म्हणायला अजून तोंड उघडत नाही.